भरावाच्या शहरात सापडलेल्या वस्तूचं वय

जुन्नर किंवा पैठणसारख्या ठिकाणी जमिनीतून काही निघालं, तर ते कोणत्या थरात होतं यावरून त्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो. मुंबईत ही सोय फारशी नाही. हे शहर खाड्या बुजवत वाढलं. टेकड्या फोडून, गाळ उपसून, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून सात बेटं एक केली गेली. 1860च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाची तटबंदी पाडली, आणि कापसाच्या तेजीत समुद्र हटवायच्या योजनांना ऊत आला. मेटल डिटेक्टर वाजला की वस्तू आज कुठे पडली आहे एवढं कळतं. ती भरावातून कुठून आली हे नाही. त्यात 14 एप्रिल 1944चा गोदीतला स्फोट. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचे लोखंडी तुकडे दूरवर उडाले, आणि त्यावरच्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षांनी बंदरातला गाळ काढताना मिळाल्या.

म्हणून इथे वस्तूचं वय वस्तूलाच विचारावं लागतं. त्यात सर्वांत बोलकं नाणं, पण सर्वांत फसवंही तेच.

1668 साली इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने दिली. कंपनीने इथे लवकरच नाणी पाडायला सुरुवात केली. सुरुवातीच्या चिल्लरीत तांब्याबरोबर कथलाचीही नाणी होती. बाजारात ओळखीचा असतो तो त्यानंतरचा तराजूचा पैसा. 1791 पासून हा इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात यंत्रावर पाडून मुंबईला यायचा. एका बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकारात कंपनीचं व्यापारी चिन्ह आणि साल. झिजलेल्या नाण्यावर अक्षरं गेली तरी तराजूची दांडी बहुतेक वेळा शिल्लक असते.

चांदीत गुंता वाढतो. मुंबईच्या टांकसाळीत बरीच वर्षं सुरती रुपया निघत होता. नाव मुघल बादशहा शाह आलमचं, गाव सुरतेचं, टांकसाळ मुंबईची! त्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं 46वं वर्षच छापत राहिले. शाह आलम 1806 मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचा रुपया चालूच होता. अशा वेळी साल वाचून उपयोग नाही, नाण्याची घडण पाहायची. हाताने ठोकलेल्या नाण्याचा ठसा चकतीबाहेर जातो, कडा वेडीवाकडी असते. वाफेच्या यंत्रांची टांकसाळ 1820च्या दशकात टाऊन हॉलजवळ बांधली गेली. तिच्यातल्या नाण्याचा काठ एकसारखा, ठसा बरोबर मधे.

1835 मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला: चौथ्या विल्यमचं डोकं, वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. इथून पुढे सगळं सोपं, असं वाटतं. पण राणीछाप रुपयावर 1840 हे साल तसंच ठेवून 1862 पर्यंत नाणी पाडली गेली. त्यानंतरच्या रुपयांवर 1862 गोठलं ते 1874 पर्यंत. मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून सालाच्या आसपास बारीक ठिपके घातले, ते भिंगातून मोजावे लागतात. चिंच-मीठ लावून नाणं लख्ख करणारे लोक नेमके हेच ठिपके घासून टाकतात. खाऱ्या मातीत काळी पडलेली चांदी तशीच राहू द्यावी. 1874 पासून मात्र सालं दरवर्षीची झाली आणि 1877 पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आली.

मातीत मिळणाऱ्या पलटणींच्या गुंड्या आणि बिल्ले याहून सरळ. 1903 मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेचा सरसेनापती किचनर याने हिंदी पलटणींना नवे आकडे दिले आणि मुंबई फौजेच्या आकड्यांत 100 मिळवले: 3चे 103, 10चे 110. मराठ्यांच्या 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या पलटणी 1922 मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या. म्हणजे ‘110’ आकडा आणि मराठ्यांचं नाव असलेली गुंडी 1903 ते 1922 या एकोणीस वर्षांतली. नाण्यावरच्या सालापेक्षा हे जास्त भरवशाचं. गोऱ्या पायदळाचे आकडे 1881 मध्येच जाऊन तिथे प्रांतांची नावं आली होती. आकडा पुसला असेल तर मुकुट पाहावा: व्हिक्टोरियाच्या काळात मधे दबलेल्या कमानी, 1901 नंतर गोल उभारलेल्या.

चोरबाजारात आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी 1818ची ‘राम दरबार’ आणि ‘हनुमान’ नाणी मात्र बाजूला ठेवा. कंपनीने राम दरबाराची किंवा हनुमानाची अशी नाणी पाडलीच नाहीत. तांदूळ आपल्याकडे ओढून घेतं अशी थाप मारून ‘चमत्कारी’ नाणं विकणारे तर पोलिसांच्या चांगल्याच ओळखीचे आहेत.

कायद्याचा भागही याच काळातला आहे. 1878च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदीची नाणी. आज तेवढ्यात वडापावही येत नाही, पण आकडा तोच आहे. संरक्षित किल्ले आणि लेण्यांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं तर गुन्हाच. 1972च्या कायद्याने शंभर वर्षांचं नाणं पुरावस्तू ठरतं, त्यामुळे दर वर्षी पंचम जॉर्जच्या आणखी एका सालाची नाणी त्या व्याख्येत येत चालली आहेत.