केबलचे १३० रुपये आणि घरात आलेलं फायबर

केबल बंद केली तरी महिन्याला पैसे न्यायला येणारा माणूस तोच, हे आता कोल्हापुरात शिवाजी पेठेपासनं फुलेवाडीपर्यंत कुणाला नवीन राहिलेलं नाही. पूर्वी तो टीव्हीचे न्यायचा, आता नेटचे नेतो. त्यामुळं "मोबाईल आला आणि केबल मेली" हे जे सरसकट बोललं जातं ते अर्धंच खरं आहे. केबलचं बिल आधी बिघडलं, घरचं नेट नंतर स्वस्त झालं, आणि मधली दीडेक वर्षं लोक नुसते वैतागून होते.

जुनं थोडक्यात सांगतो. गल्लीतला एखादा खटपट्या पोरगा व्हीसीआर लावून आजूबाजूच्या घरांत वायर टाकून पिक्चर दाखवायचा, १९९१ च्या आखाती युद्धानंतर त्यानंच गच्चीवर छत्री बसवली आणि तो केबलवाला झाला. १९९५ ला कायदा आला, हेड पोस्टात नोंदणी करायची एवढंच, बाकी सगळा धंदा तोंडावर. रेट गल्लीत ठरायचा. दोन महिने थकले तरी वायर कापली जायची नाही, मुंग्या आल्या की फोन करायचा, मग शिडी घेऊन कोणतरी यायचं आणि ॲम्प्लिफायरला दोन टिचक्या मारून जायचं.

यात एक गोम होती. करमणूक कर कनेक्शनमागं, पे चॅनेलवाल्यांचे पैसेही कनेक्शनमागं, मग कागदावर कनेक्शनं कमी दाखवायची हे उघड गुपित होतं. डिजिटलची सक्ती आली त्यात चित्र स्वच्छ दिसेल वगैरे बोलायला ठीक होतं, माझ्या मते खरा रोख ही मोजदाद करण्यावरच होता. २०११ ला कायदा बदलला, पुण्याला मुदत पडली मार्च २०१३ ची, आपल्या कोल्हापूरचा नंबर तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे डिसेंबर २०१५. कुणी कोर्टात गेलं, कुणाला सेट टॉप बॉक्स मिळाले नाहीत, असं करत करत ते उरकलं. बॉक्स आला तरी बिल मात्र तेच राहिलं, एकच आकडा, सगळी चॅनेलं.

खरा घोळ १ फेब्रुवारी २०१९ चा.

ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नवीन दररचना आणली. जी चॅनेलं बघायची तेवढ्याचेच पैसे द्या, ऐकायला एकदम बेस. पण त्याच्याआधी १३० रुपये नेटवर्क कपॅसिटी फी भरायची, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यात मिळणार कमाल १०० चॅनेलची जागा. इथं "फ्री टू एअर" या शब्दानं जेवढा गोंधळ घातला तेवढा दुसऱ्या कशानंच घातला नसेल. लोकांनी फ्रीचा अर्थ फुकट असा घेतला, आणि का घेऊ नये, शब्दच तसा आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की चॅनेलवाला स्वतः त्याचे पैसे घेत नाही. ते चॅनेल तुमच्या घरापर्यंत वायरीतनं आणायचं भाडं वेगळं, आणि ते भाडं म्हणजे १३०. मग म्हातारी माणसं विचारायची, फुकटच्या चॅनेलला दीडशे रुपये कसले? केबलवाल्याला ते समजावून सांगता यायचं नाही, कारण त्यालाही ते आत्ताच कळलेलं.

बरं, ते भाडं तरी सरळ होतं का? दूरदर्शनची चॅनेलं त्या १०० मध्ये सक्तीनं बसलेली. एचडी एक घेतलं की दोन जागा जाणार. १०० च्या वर प्रत्येक २५ ला आणखी २० रुपये. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलला कमाल किंमत १९ रुपये ठेवलेली, तर बहुतेक सगळी चालणारी चॅनेलं बरोबर १९ लाच येऊन बसली. एखाद्या घरानं अशी आठ चॅनेलं सुट्टी घेतली तर १५२, त्यावर जीएसटी, मूळचे १५३ रुपये ४० पैसे धरून सगळं मिळून ३३२ रुपये ७६ पैसे. पॅक घेतला तर स्वस्त, पण पॅकमध्ये नको असलेली सहा चॅनेलं परत आलीच. ज्यासाठी एवढी उठाठेव केली तेच मागच्या दारानं आत.

याची दुसरी बाजू नियामकाच्या बाजूनं बोलणारे मांडतात आणि ती खोटी नाही. पहिल्यांदाच बिलात कशाचे किती हे दिसलं. ज्याला फक्त बातम्या आणि भजन-कीर्तन बघायचं त्याचं बिल उतरलंही. पण आपल्याकडं एका टीव्हीवर आजी, सून, पोरं आणि क्रिकेट असतं, अशा घराचं वाढलं. आणि केबलवाल्याचं म्हणाल तर करारात दुसरं काही ठरलं नसेल तर त्या १३० मधले ५५ टक्के वरच्या मोठ्या वितरकाला, ४५ टक्के ह्याला. म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न रुपये, त्यात पोरांचे पगार आणि पावसाळ्यात तुटलेल्या वायरी. शिवाय बिल आता प्रीपेड झालं, रिचार्ज संपला की बॉक्स आपोआप बंद, उधारी संपली. गल्लीतली माणुसकी म्हणा, लाज म्हणा, जी काय गोष्ट कनेक्शन टिकवून धरत होती ती या एका बदलानं गेली असं मला वाटतं. पुढं चॅनेलच्या त्या कमाल किमतीचे १९ चे १२ केले, चॅनेलवाले कोर्टात गेले, २०२२ ला परत १९ झाले, २०२३ च्या फेब्रुवारीत करारावर सही न केलेल्या केबलवाल्यांकडची मोठी चॅनेलं काही दिवस बंदच पडली. आणि २०२४ च्या जुलैत त्या भाड्याची १३० ची मर्यादाच काढून टाकली!

नेटचं म्हणाल तर २००५ ला सरकारी ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएसचं. ५०० च्या प्लॅनला रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट, म्हणून पोरं गजर लावून उठायची. २०१६ च्या सप्टेंबरात मोबाईलचं नेट फुकट वाटलं गेलं, पण मोबाईलवर घरभर टीव्ही चालत नाही. त्याला लागतं फायबर, आणि ते खऱ्या अर्थानं परवडायला लागलं २०२० च्या सप्टेंबरात, जेव्हा ३९९ ला ३० एमबीपीएस निघालं. जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे. त्यावर "अनलिमिटेड" लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात महिन्याला ३३०० जीबी, म्हणजे फ्री टू एअरचाच चुलतभाऊ. पण दिवसाला ११० जीबी कुठल्या घरात संपतात, त्यामुळं कुणी भांडलं नाही. लॉकडाऊन होता, पोरांची शाळा मोबाईलवर, घरात नेट घ्यावंच लागणार होतं. मग दोन बिलं कशाला, म्हणून केबल गेली. २०२३ ला आयपीएल ॲपवर फुकट दाखवली तेव्हा उरलेसुरले क्रिकेटवालेही गेले.

केबलवाल्यानं मात्र एक शहाणपण केलं. खांबावरनं, गच्चीवरनं वायर कुठनं न्यायची, कुणाच्या पत्र्यावर पाय ठेवला तर कोण ओरडतो, हे त्याला पाठ होतंच, तर त्यानं त्याच वाटेनं फायबर ओढलं आणि इंटरनेट कंपनीची एजन्सी घेतली. आता राजारामपुरीत काय नि कळंब्यात काय, राउटर बसवायला तोच येतो.

एक गोष्ट नेटवर लगेच आली नाही. शाहू स्टेडियमवरची तालमीची (म्हणजे पेठेतल्या मंडळांची) फुटबॉल मॅच, नवरात्रातली अंबाबाईची पूजा, गणपतीची मिरवणूक, हे सगळं लोकल केबल चॅनेलवर लाईव्ह असायचं. २०१९ च्या ऑगस्टात महापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी सोडून ५५ च्या वर गेलं. तसल्या दिवसांत लाईट असेल त्या घरात लोकल चॅनेलच लावलेलं असतं, कारण कुठला रस्ता बंद झाला हे मुंबईच्या चॅनेलवर कधी सांगत नाहीत. आता ती लोकल मंडळीही यूट्यूबवर आलीत. तरी आमच्या शेजारच्या काकूंनी बॉक्स अजून काढलेला नाही, वर्षभर रिचार्ज नसतो, पण जून लागला की एक महिन्याचा मारतात.