हाड कुरतडणारे आपलेच

‘एक्स-रे तर नॉर्मल होता, मग हाडात पू कुठून आला?’ परळच्या कुठल्याही ऑर्थोपेडिक ओपीडीबाहेर हा प्रश्न ऐकू येतो. हाडाला जंतुसंसर्ग झाला तरी साध्या एक्स-रेवर काही दिसायला हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज उतरावं लागतं. त्यात दहा-पंधरा दिवस जातात. ताप आणि ठणका त्याआधीच सुरू झालेला असतो.

हे खनिज जंतू खातात असं आपण धरून चालतो. खरं तर बरीचशी तोडफोड घरचीच. हाड म्हणजे कायम पुनर्विकासात असलेली चाळ: ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं पाडतात, ऑस्टिओब्लास्ट नवं बांधतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू शिरला की बांधणाऱ्या पेशी मरू लागतात, आणि त्यांच्याकडून ‘रँकल’ नावाचं प्रथिन जास्त सुटतं. पाडणाऱ्यांना तेच आवतण.

शिवाय हा जंतू महा चिवट. ऑस्टिओब्लास्टच्या पोटात दडून बसतो. हाड जोडायला बसवलेली रॉड किंवा प्लेट असेल तर तिच्यावर बुळबुळीत थर धरतो. हाडाच्या आत पेशींना जोडणाऱ्या नळ्या एक मायक्रॉनहूनही अरुंद असतात आणि जंतू साधारण तेवढाच रुंद. तरी उंदरांच्या हाडात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तो गोलाचा लांबट होऊन त्यांत घुसलेला दिसला आहे. पांढऱ्या पेशींना तिथे शिरताच येत नाही.

पुवाच्या दाबाने रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तुकडा मरतो. औषध जातं रक्तावाटे, म्हणून मेलेल्या तुकड्यापर्यंत ते पोचतच नाही. तो सर्जनला काढावाच लागतो. अँटिबायोटिक बहुधा सहा आठवडे चालतं, आणि ताप उतरला म्हणून मध्येच सोडणारे पुन्हा पू घेऊन येतात.

मुंबईत मणक्याचा टीबीही कमी नाही. त्याची चाल संथ: गळू होतं, पण त्वचा लाल किंवा गरम होत नाही. क्षयाच्या जंतूकडे प्रथिनं विरघळवणारी विकरं नसल्याने दोन मणक्यांमधली चकती बराच काळ शाबूत राहते. पू करणारे जंतू ती लवकर संपवतात. एमआरआय वाचणारा डॉक्टर हेच आधी बघतो. रुग्ण मात्र तोवर लोकलच्या धक्क्यांना दोष देत बाम चोळत असतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन असेल, तर पायांतली ताकद जायची वाट न बघता तपासणी करावी. औषधं वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात.