मंगळावरचा चकवा

रानात चकवा लागतो म्हणतात. सगळीकडे सारखंच माळरान, ओळखीची खूण नाही आणि माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. १८ जानेवारी २०२४ रोजी असाच चकवा मंगळावर एका यंत्राला लागला.

‘इन्जेन्युइटी’ हे नासाचं १.८ किलो वजनाचं हेलिकॉप्टर. पाच उड्डाणांच्या बेताने पाठवलेलं, पण २०२१ पासून त्याने ७२ केली. मंगळावर जीपीएस नाही, आणि पृथ्वीवरून संदेश पोचायलाच कित्येक मिनिटं जातात. तेव्हा आपण कुठे, किती वेगाने सरकतोय, हे त्याचं त्यानेच ओळखायचं.

त्यासाठी पोटाखाली एक कृष्णधवल कॅमेरा, सेकंदाला ३० चित्रं टिपणारा. संगणक प्रत्येक चित्रात ठळक ठिपके हेरतो: दगडाचा कोपरा, सावलीची कड. पुढच्या चित्रात तेच ठिपके शोधतो. ते मागे सरकले, म्हणजे आपण पुढे गेलो. उंची लेझरने मोजलेली असते, त्यामुळे किती सरकलो तेही कळतं. दगड म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. आजूबाजूपेक्षा वेगळं दिसलं की पुरे!

जोडीला हालचाल मोजणारे सेन्सर असतात, आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियासारखे. त्यांची चूक हळूहळू साचत जाते, ती कॅमेरा सुधारतो. या दोघांचं बिनसलं की पंचाईत. शेजारची लोकल सुटली की आपलीच निघाल्यासारखं वाटतं ना, तसं काहीसं. २२ मे २०२१ ला, सहाव्या उड्डाणात, एक चित्र वाटेत गहाळ झालं आणि पुढच्या चित्रांवर चुकीच्या वेळा पडत गेल्या. हेलिकॉप्टर २० अंशांहून जास्त झुलू लागलं. तरी ते ठरल्या जागेपासून सुमारे ५ मीटरच्या आत नीट उतरलं. कारण गमतीचं आहे: उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रं वापरायचीच नाहीत, अशी रचना होती. डोळे मिटले म्हणून वाचलं.

बहात्तराव्या खेपेला मात्र खाली वाळूच्या गुळगुळीत लाटा होत्या. उडी साधीच, १२ मीटर वर जाऊन खाली यायचं. तपासणीतून निघालेलं संभाव्य कारण असं, की पुरेसे ठिपके सापडले नाहीत, वेगाचा अंदाज चुकला, आणि हेलिकॉप्टर वाळूच्या उतारावर आडवं सरकत आदळलं. पात्यांची टोकं मोडली. दगडधोंड्यांवरून निभावलं होतं, मऊ वाळूवर फसलं.

मोडलेलं पातं पृथ्वीवर दिसलं, ते हेलिकॉप्टरनेच टिपलेल्या आपल्या सावलीच्या चित्रात.