गुलाबी बोंडअळी: बीटीला ती कशी पुरून उरली

गुलाबी बोंडअळीची पहिली शास्त्रीय नोंद 1843 ची, भडोचच्या कापसावरून केलेली. तिची खोड तेव्हापासून एकच आहे: उघड्यावर राहायचं नाही. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच पात्यात (फुलाच्या कळीत), फुलात नाहीतर हिरव्या बोंडात शिरते. बोंड वाढतं तसं शिरलेलं छिद्र बुजतं, मग वरून कितीही फवारा, आतल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. पाकळ्या गुंडाळून फूल मिटलेलंच राहिलं, म्हणजे डोमकळी दिसली, की ती आत आहे असं समजावं.

2002 मध्ये एका जनुकाचं बीटी आलं, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला, अळीला विषारी प्रथिन स्वतःच बनवणारा कापूस; 2006 मध्ये दोन जनुकांचं, दोन प्रथिनं बनवणारं. गुलाबी अळी काही वर्षं दिसेनाशी झाली. 2010 मध्ये मात्र गुजरातेतल्या अळ्या पहिल्या प्रथिनाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. पुढे दुसरंही प्रथिन निकामी ठरलं आणि 2017 मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली.

याचं मोठं कारण आपल्या संकरित बियाण्यात आहे. झाडाच्या पानात दोन्ही प्रथिनं असली, तरी बोंडातली सरकी, म्हणजे बी, पुढच्या पिढीची. तिच्यात जनुकं विभागली जातात. सरासरी 16 सरक्यांत 9 मध्ये दोन्ही, 6 मध्ये एकच आणि 1 मध्ये एकही नसतं. अळी पोसते ती नेमकी सरकीवर! अर्धवट विष खाऊन तगणाऱ्या अळ्या अशा एकाच बोंडात निवडल्या गेल्या. बिगर-बीटी झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन त्यांची वीण पातळ व्हावी, म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळे, पण ते बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही.

दुसरी सवय झोपेची. दिवस लहान होऊन थंडी पडली की शेवटच्या पिढीच्या अळ्या दोन सरक्या जोडून त्यांच्या पोकळीत सुप्त पडतात. ओलिताच्या जोरावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड (हंगामानंतरही राखलेलं जुनं पीक), बांधावर रचलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि जिनिंगमधली सरकी, या त्यांच्या उन्हाळ्याच्या जागा. पावसानंतर पतंग निघतात; शेतात पाती नसतील तर अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. मे महिन्यात लावलेला कापूस त्यांना नेमकी तेव्हाच पाती पुरवतो. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवणं फवारणीपेक्षा जास्त कामाचं.

हंगामात हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत. लागोपाठ 3 रात्री सापळ्यामागे दर रात्री 8 पतंग आले, किंवा चिरलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 मध्ये जिवंत अळी निघाली, तरच फवारावं.