घरोघरी तोच पत्ता

घरातला राउटर उलटा करून बघा. खालच्या लेबलवर बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा दिसेल. हा त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे जाळ्यातला पत्ता. शेजारच्यांच्या राउटरवरही बऱ्याचदा हाच असतो. लाखो घरांचा पत्ता एकच, तर तुम्ही लावलेला व्हिडिओ शेजारच्या टीव्हीवर का जात नाही?

गावात ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ एवढं सांगितलं की पुरतं. गावाबाहेर त्या पत्त्याला अर्थ नाही, कारण मारुतीचं देऊळ गावोगावी आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तसेच घरापुरते असतात. १९९६ साली निघालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.

ही तजवीज करावी लागली तुटवड्यामुळे. १९८१ मध्ये पक्क्या झालेल्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असतो, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. एवढे माणशी एकसुद्धा पुरत नाहीत, आणि आज एकेका घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा असतो. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. नव्या आयपीव्ही६ मध्ये १२८ बिटं आहेत, तिथे ही अडचणच नाही; पण जुनी पद्धत अजून सोबत चालू आहे.

जुन्या पद्धतीत सगळी मदार राउटरवर. फोन वायफायला जोडला की राउटर त्याला घरगुती पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.५. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. फोनने काही मागितलं की ती मागणी माहितीच्या छोट्या तुकड्यांतून, म्हणजे पाकिटांतून निघते. राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपला बाहेरचा पत्ता घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक, म्हणजे ओळखीचा आकडा टाकतो, आणि ‘हा क्रमांक १.५ चा’ अशी नोंद करतो. उत्तर त्याच क्रमांकावर परत येतं. नोंद बघून ते फोनकडे जातं. याला नॅट म्हणतात. एका व्हिडिओसाठी अशी हजारो पाकिटं ये-जा करतात आणि प्रत्येकाचा पत्ता असा बदलला जातो. मला तरी घरातल्या सगळ्या उपकरणांत हेच काम सर्वांत विलक्षण वाटतं.

बाहेरून कोणी न मागता पाकीट पाठवलं तर त्याची नोंदच नसते, म्हणून ते दारातच थांबतं. त्यामुळे घराला थोडा आडोसा मिळतो. पण घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही, त्याचं कारणही हेच. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगच्या (ठरावीक पोर्टवर आलेलं पाकीट थेट कॅमेऱ्याकडे पाठव, असं राउटरला सांगून ठेवण्याच्या) खटपटीला लागण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर इंटरनेट कंपनीने तिच्याकडे आणखी एकदा नॅट केलेलं आहे, आणि तुमची खटपट व्यर्थ जाईल.

वायफायची खूण पूर्ण भरलेली, तरी काहीच उघडत नाही, असंही होतं. ती खूण फक्त फोन ते राउटर एवढ्याच अंतराची असते. अशा वेळी ब्राउझरमध्ये लेबलवरचा आकडा टाका. राउटरचं पान उघडलं, तर त्या फोनपासून राउटरपर्यंतची वाट ठीक आहे, बिघाड बहुधा पुढे आहे. (त्या पानाचा मूळ पासवर्ड बदलला नसेल, तर आजच बदला.) मग फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल आहे का ते पाहा. लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. तक्रार नोंदवताना हे आधी सांगा.