नेटवर्क केबलच्या आवरणाचा प्रश्न

२७ फेब्रुवारी १९७५. मध्यरात्र उलटून गेल्यावर न्यूयॉर्कमधल्या सेकंड अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात आग लागली. बाहेरून आलेल्या साऱ्या टेलिफोन केबल तिथे एकत्र होऊन वरच्या मजल्यांवर चढत होत्या. आगही त्यांच्याच वाटेने वर गेली. सुमारे १,७०,००० टेलिफोन बंद पडले आणि ते पूर्ववत करायला तीन आठवडे लागले. त्या रात्री कोणी दगावलं नाही, पण अग्निशमन दलाचे जवळपास सातशे जवान, केबलचं आवरण ज्या प्लॅस्टिकचं होतं त्या जळत्या पीव्हीसीच्या काळ्या धुरात राबले. त्यांतल्या अनेकांना पुढे कर्करोग झाला. त्याचं मूळ त्या धुरात आहे, असं तिथल्या अग्निशमन दलातले लोक आजही सांगतात.

ऑफिसचं किंवा सोसायटीचं नेटवर्किंग करून घेताना आपण कॅट सिक्स की कॅट सिक्स-ए, एवढंच विचारतो. म्हणजे फक्त वेग. आवरण कशाचं आहे, हे क्वचितच कोणी विचारतं. नेटवर्क केबलमधून वीज फार कमी जाते, त्यामुळे ती स्वतः पेट घेण्याची शक्यता कमीच. पण ती भिंतींतून, छतावरून, मजल्यामजल्यांतून प्रत्येक खोलीत पोचलेली असते, आणि दुसरीकडे लागलेल्या आगीला वाट करून देते. म्हणून केबल कुठे असणार आणि जळलीच तर तिचा धूर कोणाच्या छातीत जाणार, हे आधी ठरवायला हवं.

पीव्हीसीमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. हा क्लोरीन ज्वाळेला थोडा आवर घालतो, पण आवरण लवचिक व्हावं म्हणून मिसळलेली द्रव्यं चांगलीच जळतात. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि डोळे, घसा, फुप्फुसं यांतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. डोळे उघडवत नाहीत, दाट धुरात दार सापडत नाही. हाच वायू आग न पोचलेल्या खोलीतल्या सर्व्हरचे सर्किट बोर्डही कुरतडतो.

याला पर्याय म्हणजे एलएसझेडएच, अर्थात कमी धुराचं आणि हॅलोजन (क्लोरीन, फ्लोरीन यांसारखी मूलद्रव्यं) नसलेलं आवरण. त्याच्या प्लॅस्टिकमध्ये बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी भरपूर कालवलेली असते. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे ही भुकटी विघटित होते आणि आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपात सोडते. त्यात उष्णता खर्ची पडते, मागे राहिलेला थर प्लॅस्टिकला झाकतो आणि धूर विरळ राहतो. आग विझवणारं पाणी केबलच्या आवरणातच साठवण्याची ही कल्पना मला फार आवडते.

मात्र इथे एक फसगत होते. एलएसझेडएच हे नाव धुराबद्दल सांगतं, आग किती पसरेल याबद्दल नाही. अशा कित्येक केबल फक्त आयईसी ६०३३२-१ ही आंतरराष्ट्रीय मानकातली आगीची चाचणी पास झालेल्या असतात, आणि ती एकट्या केबलवर घेतात. ट्रेमधून पन्नास केबलचा जुडगा उभा चढत असेल तर एकीची उष्णता दुसरीला मिळते आणि सगळं गणित बदलतं. तिथे जुडग्यावरची ६०३३२-३ ही चाचणी पास झालेलीच केबल मागावी. रुग्णालयात तर याबाबत तडजोड नकोच, कारण तिथली माणसं पळू शकत नाहीत.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून एसीची परतीची हवा खेळते, तिला प्लेनम म्हणतात. तिथे धूर झाला तर एसीच तो इमारतभर पोचवणार. म्हणून या जागेसाठी सीएमपी दर्जाची केबल लागते. २५ फूट लांब बोगद्यात वाऱ्याच्या झोतात तिची चाचणी होते, ज्वाळा ५ फुटांपुढे जाता कामा नये आणि धूरही मोजला जातो. उभ्या डक्टसाठी सीएमआर, तिच्यात ज्वाळा १२ फुटांवर चढायला नको. सीएमपी केबलमध्ये बहुधा एफईपी हे फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिक असतं, म्हणजे ती हॅलोजनमुक्त नाही. आपल्याकडच्या बाजारात दोन्ही परंपरांचा माल मिळतो, त्यामुळे एक दर्जा दुसऱ्याच्या बदल्यात चालेल असं धरू नये. आपल्या ऑफिसात एसीची परतीची हवा फॉल्स सीलिंगवरून जाते का, हे आधी विचारून घ्यावं.

घरात दोन-चार केबल कन्ड्युटमधून, म्हणजे वायरिंगच्या नळीतून, जात असतील तर साधी पीव्हीसी पुरते. गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने येणारी काळी केबल पॉलिथिनची असते. ऊन-पावसात ती टिकते, पण मेणासारखी जळते. अमेरिकेत दर्जाचा शिक्का नसलेली अशी केबल इमारतीत ५० फुटांपेक्षा आत नेता येत नाही. आपल्या कितीतरी सोसायट्यांत ती डक्टमधून थेट तळमजल्यापर्यंत उतरलेली दिसते.

स्वस्त केबलची तार सुरीने खरवडून पाहावी. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा विद्युत रोध जास्त, त्यामुळे केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे जोडले की जुडगा जास्त तापतो. अशी केबल घेऊच नये.

न्यूयॉर्कच्या आगीनंतर महिन्याच्या आतच, २२ मार्च १९७५ रोजी, अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलसाठी पाडलेल्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार मेणबत्ती धरून पाहत होते. भोकं पॉलियुरेथेनच्या फोमने बुजवली होती. हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली, फोम पेटला आणि १,६०० हून अधिक केबल जळाल्या. भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिताही विजेचे डक्ट प्रत्येक मजल्यावर आगरोधक पदार्थाने बंद करायला सांगते. पण नवा इंटरनेटवाला येतो, केबल ओढण्यासाठी ते सील फोडतो आणि तसाच निघून जातो. कोणी बुजवलंच तर हार्डवेअरच्या दुकानातल्या पिवळ्या फोमने, आणि तो बहुधा त्याच पॉलियुरेथेनचा असतो. म्हणून केबल ओढणाऱ्यानेच आगरोधक सीलंटने भोक पुन्हा बंद करायचं, हे कामाच्या कोटेशनमध्ये लिहून घ्यावं आणि बिल देण्याआधी डक्टचं दार उघडून स्वतः पाहावं.