पार्श्वभूमी: सेमूर बेटावरची 'शेवटची नोंद'

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाजवळच्या सेमूर बेटावर पहिले जीवाश्म वेचले गेले ते १८९२ मध्ये. वेचणारा शास्त्रज्ञ नव्हता, व्हेलच्या शोधात निघालेल्या जहाजाचा कप्तान होता. १९०१-०४ च्या स्वीडिश मोहिमेने त्यात बरीच भर घातली. खरा वाद मात्र १९८० च्या दशकातला: इथला संहार अचानक झाला की हळूहळू?

क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरचा गाळ इथे सलग साचला आहे. त्यात अमोनाइटच्या (गुंडाळलेल्या शिंपल्याचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) जाती वर जाता जाता एकेक करून गायब होताना दिसल्या. त्यावरून मत मांडलं गेलं की दक्षिणेकडच्या समुद्रात ऱ्हास हळूहळू झाला. महिनोन्महिन्यांच्या अंधाराला सरावलेल्या प्राण्यांना क्रिटेशसच्या शेवटी आदळलेल्या लघुग्रहाच्या धुळीने आलेला अंधार काय करणार, असाही सूर होता. युक्तिवाद आकर्षक होता, पण आधार कच्चा.

गोची 'शेवटची नोंद' या शब्दात होती. शेवटची नोंद म्हणजे त्या जातीचा सर्वांत वरच्या थरात सापडलेला नमुना. जात संपली तो क्षण नव्हे. शंभर मीटर जाडीच्या थरांत एखाद्या अमोनाइटचे तीनच नमुने मिळत असतील, तर त्यातला वरचा नेमका सीमेलाच, म्हणजे क्रिटेशस संपल्याची खूण असलेल्या थरालाच, टेकलेला असण्याची शक्यता किती? दुर्मीळ जाती त्यामुळे आधीच मेल्यासारख्या दिसतात आणि अचानक झालेला संहारही कागदावर उतरणीसारखा भासतो. ही अडचण १९८२ मध्येच मांडली गेली होती, तरी 'नोंद' आणि 'नाश' यांची सरमिसळ बराच काळ चालू राहिली.

मग लोकांनी आणखी वेचलं. २०१६ मध्ये सहा हजारांहून अधिक जीवाश्मांचा हिशेब मांडला गेला: ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सीमेवर ६५ ते ७० टक्के जाती एका झटक्यात गेल्या. इथे ध्रुवीय समुद्राला वेगळी सवलत मिळालेली दिसत नाही.

तरी विषय मिटलेला नाही. शिंपल्यांच्या रसायनावरून सीमेच्या आधीही पाणी तापल्याचं दिसतं. काही संशोधक त्याचा संबंध भारतात दख्खनमध्ये त्या सुमारास ओतलेल्या लाव्ह्याशी जोडतात आणि विनाशाचा एक हप्ता तेव्हाच पडला म्हणतात. पाणी तापलं हे पटतं. आधीच्या हप्त्याला मात्र 'शेवटच्या नोंदी'चीच जुनी शंका लागू पडते.

सीमा प्रत्यक्षात ओळखायची ती ग्लॉकोनाइट या खनिजाच्या हिरवट गाळावरून आणि त्यातल्या इरिडियमवरून (लघुग्रहांत भरपूर, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असा धातू). त्याच्या थोडं वर माशांची हाडं विखुरलेली आहेत. लाहिलिया हा जाड शिंपल्याचा प्राणी सीमेच्या खाली सापडतो, तसा वरही सापडतो. अमोनाइट वर नाहीत.